एकसष्ट किलोंमधला वाटा

तराजूसाहेबांना या सगळ्यातून मिळणार होतं ते एवढंच: एकसष्ट किलो वजनाची बायको, घरी परत. सुटं करून मोजायचं तर रेडिओचा आवाज कमी करा म्हणणारं एक माणूस, ओला टॉवेल पलंगावर दिसला की मुद्दाम खोकणारं एक माणूस, आणि साहेबांच्या प्रत्येक किश्शाचा शेवट त्यांच्या आधी सांगून टाकणारं एक माणूस. ही तिन्ही त्या एकसष्ट किलोंतच बसत होती.

साहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं दुकानादुकानांतून काटे तपासले, खोटे जप्त केले, खऱ्यांवर शिक्के मारले. नुसत्या हातावर तोलून पन्नास ग्रॅमचा फरक सांगायचे. दुकानदार त्यांना तोंडावर साहेब आणि पाठीमागे तराजूसाहेब म्हणत. निवृत्तीनंतर तोंडावरही तेच नाव राहिलं.

बायको स्टुलावरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्यावर छातीत कफ झाला, आणि दोन महिने अंथरुणात गेले. हाड जुळलं, पण पायांतलं मांस उतरून गेलं. उभं राहायचं तर कुणीतरी धरून उठवावं लागे. शुश्रूषागृहाच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "घरी न्यायचंय ना? मग खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवून दाखवा."

साहेबांनी बाह्या सरसावल्या, बायकोच्या काखेखालून हात घातले आणि जोर केला. ती अर्धी उठली. तेवढ्यात साहेबांच्याच गुडघ्यांनी दगा दिला. ती खाटेवर बसली आणि साहेब तिच्या मांडीवर.

"अहो," बायको म्हणाली, "हे वय राहिलं का आता?"

ती तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. लोकांची बोलणी जोडून देणं हा तिचा धंदा, पण तोडायची कशी हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

सिस्टर हसल्या नाहीत. "साहेब, आज माझ्याकडे तुमच्या घरचा एकच पेशंट आहे. असं घेऊन गेलात तर आठवड्यात मला दोन खाटा अडवाव्या लागतील. तीन महिने देते. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून परत खाटेवर, असं तीनदा. मध्ये न थांबता, एकट्याने. जमलं तर सही करते. नाहीतर त्यांना कायमच्या निवासात पाठवू. दोन तासांवर आहे. तिथे उचलायला यंत्र असतं."

यंत्र हा शब्द साहेबांना लागला. बायको खिडकीकडे बघत होती. साहेब टोपी घेऊन तडक निघाले.

त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावर, लॉन्ड्रीला लागून एक जिम होतं. ते चालवणारी बाई पूर्वी शाळेत कवायत शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. वय असेल पस्तीस. खांदे असे, की दारातून आत येताना दारानेच अंग चोरावं.

"मला बायको उचलायची आहे," साहेब म्हणाले.

"कुणाची?"

"माझीच!"

"मग ठीक. बसा त्या खुर्चीवर. हात छातीशी. आता उठा, बसा. अर्ध्या मिनिटात किती होतात बघू."

नऊ झाल्या. दहाव्यांदा साहेब उठले, पण ते हात टेकून.

"नऊ," मास्तरीण म्हणाली.

"दहा."

"काका, तुम्ही खात्यात असताना हाताने दाबलेलं पारडं धरलं असतं का?"

साहेबांनी खिशातल्या वहीत नऊ लिहिलं.

आठवड्यातून तीन दिवस ठरले. वाकून उचलणं, खुर्चीतून उठणं, पाठीशी ओढणं. पहिल्याच आठवड्यात साहेब जिना उलटे उतरू लागले, कारण सुलटं उतरलं की मांड्या बोंब मारत. पण चेहऱ्यावर तेज. "दुखतंय म्हणजे वाढतंय ना?"

"नाही काका. दुखतंय म्हणजे दुखतंय."

"मग वाढतंय हे कळायचं कसं?"

"मागच्या वेळी जे आठदा उचललं ते आज दहादा जातं का, ते बघा. मांडीला टेप लावा, पण रोज नाही, महिन्याने. त्याच जागी, सकाळी, पाय सैल सोडून. आणि धीर धरा. आधी ताकद येते, मांस मागाहून येतं."

साहेबांनी ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात निकालात काढलं. उचलणं म्हणजे त्या दिवशीच्या मनःस्थितीचा प्रश्न. टेप कापडाची, ओढली तशी ताणते. वाढ म्हणजे वजन, आणि वजन काय ते काटा सांगेल. घरी त्यांचा स्वतःचा काटा होता, तपासलेला. रोज सकाळी सहाला, चहाच्या आधी, चष्मासुद्धा काढून ठेवून ते काट्यावर उभे राहत. मग आकडा दिसत नसे म्हणून चष्मा लावत, आणि चष्म्याचे वीस ग्रॅम वजा करत.

पहिल्या दिवशी चौसष्ट किलो दोनशे. दुसऱ्या आठवड्यात चौसष्ट दोनशे. चौथ्या आठवड्यात चौसष्ट शंभर.

पाचव्या आठवड्यात साहेब वही घेऊन जिममध्ये उतरले. "हे बघा. महिनाभर घाम गाळला आणि शंभर ग्रॅम घटलो! मांस वाढलं असतं तर कुठेतरी दिसलं असतं. हवेत वाढतं का ते?"

"पट्ट्याचं कितवं भोक लावता हल्ली?"

"विषय बदलू नका."

"काका, तुम्ही पोट आणि मांड्या एकाच पारड्यात घालून तोलताय. एक उतरलं, एक चढलं. काटा बिचारा बेरीज सांगतो."

"काटा खोटं बोलत नाही."

"मी कुठे म्हणते बोलतो? तुम्ही त्याला प्रश्नच चुकीचा विचारताय."

छत्तीस वर्षांत साहेबांना असं कुणी सुनावलं नव्हतं. ते वर गेले ते चार दिवस खाली उतरलेच नाहीत. शुश्रूषागृहात मात्र रोज चारला जायचे. बायकोने विचारलं, "काय म्हणतं जिम?" साहेब म्हणाले, "ठीक." बेचाळीस वर्षांच्या संसारात साहेबांचा ठीक किती भरतो हे तिला माहीत होतं.

पाचव्या दिवशी साहेबांच्या मनात आलं, काट्यातच दोष असला तर? स्वतःच्या काट्यावर संशय घ्यायचा म्हणजे घरच्या माणसावर घेण्यासारखंच, पण नियम तो नियम. पलंगाखाली निरोपाच्या वेळी खात्याने आठवण म्हणून दिलेलं वीस किलोंचं प्रमाण वजन होतं. ओतीव लोखंडाचा ठोकळा, वर कडी. साहेब खाली वाकले, कडीला धरून ठोकळा बाहेर काढला, उचलून काट्यावर ठेवला. वीस किलो, बरोबर. एका वाचनावर शिक्का मारत नाहीत, तीन घ्यावी लागतात. पुन्हा उचलला, ठेवला. वीस. तिसऱ्यांदा उचलला, ठेवला. वीस.

म्हणजे काटा निर्दोष, आणि मास्तरीण थापाडी. साहेबांनी ठोकळा उचलून पुन्हा पलंगाखाली सारला आणि समाधानाने पेन उघडलं.

पेन तसंच राहिलं. गेल्या वर्षी पंखा पुसताना शिडीला टेकू म्हणून काहीतरी जड हवं होतं, तेव्हा त्यांनी हाच ठोकळा बाहेर काढला होता. तो टॉवेलवर घालून ओढत आणावा लागला होता, आणि परत ठेवायला लॉन्ड्रीवाल्याला हाक मारावी लागली होती. आता चारदा उचलला. एका हाताने. तोही रागात असताना.

साहेब उठले आणि पट्टा पाहिला. दोन भोकं आत गेला होता. ही गोष्ट कंबरेने त्यांना न विचारता परस्पर केली होती.

ते खाली उतरले. मास्तरीण कुणाला तरी बैठका घालायला लावत होती. "या," ती मागे न बघताच म्हणाली. "चार दिवसांचं भरून काढायचं नाही हं. जिथे सोडलं तिथूनच धरायचं."

"टेप आहे का?" साहेबांनी विचारलं.

मग मात्र साहेबांनी कंबर कसली. मांडीवर जुन्या शिक्क्याच्या शाईने खूण केली, म्हणजे टेप इकडची तिकडे व्हायला नको. सव्वा शेहेचाळीस सेंटीमीटर. वहीतला वजनाचा रकाना त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला आणि नवे रकाने आखले: काय उचललं, किती वेळा, अर्ध्या मिनिटात किती उठणी. आठव्या आठवड्यात उठणी चौदा. दहाव्यात मांडी साडेसत्तेचाळीस. काट्यावरचे चौसष्ट मात्र जागचे हलले नाहीत, आणि साहेब आता त्याला भीक घालत नव्हते.

त्यांनी वाळूचं पोतं शिवलं आणि ते बरोब्बर एकसष्ट किलो भरलं. शेवटची मूठ तर चिमटीने टाकली. जिममधल्या पोरांनी पोत्याचं नाव काकू ठेवलं. "साहेब, आज काकूंना किती वेळा?" साहेब डोळे वटारत आणि पोत्याला मिठी घालत. नवव्या आठवड्यात ते बाकावरून एकदा उठलं. अकराव्यात दोनदा. तिसऱ्यांदा मात्र गुडघे लटपटायचे, आणि काकू धप्पकन बाकावर.

बारावा आठवडा संपला. तिसरी खेप काही जमली नाही.

"अजून पंधरा दिवस मागा," मास्तरीण म्हणाली.

"मुदत म्हणजे मुदत," साहेब म्हणाले. "उद्या जमेल. जमवतोच."

दुसऱ्या दिवशी चारला सिस्टर हात बांधून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बायको खाटेच्या कडेला बसली होती, पाय जमिनीवर, केस नीट विंचरलेले. साहेबांनी पाय रोवले, पाठ सरळ केली, मिठी घातली आणि उचललं. बायको खुर्चीत. परत खाटेवर. एक.

दुसरी खेपही झाली. तिसऱ्यांदा साहेबांनी दात आवळले, गुडघे लटपटायची वाट पाहिली. गुडघे थरथरले खरे. पण बायको उठली, खुर्चीत बसली, आणि परत खाटेवरही आली.

"झालं," सिस्टर म्हणाल्या आणि कागद पुढे ओढला. "शाबास, साहेब."

साहेब धापा टाकत हातांकडे बघत होते. "थांबा. माप कमी आहे."

"काय?"

"हे एकसष्ट किलो नव्हते. रोज पोतं उचलतो मी. हातांना कळतं. यात निम्म्याची खोट आहे."

"गप्प बसा हो," बायको दातांतल्या दातांत म्हणाली. "सही करतायत ना त्या?"

"चुकीच्या मापावर सही नको. तुझं वजन उतरलं असेल तर डॉक्टरांना सांगायला पाहिजे. काटा आणा."

काटा आला. बायको खुर्चीसारख्या, बसून तोलायच्या काट्यावर बसली. एकसष्ट किलो, तसूभर कमी नाही. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मग हळूहळू ती सुटली. छत्तीस वर्षं लोकांनी पारड्याला कुठून कुठून टेकू दिलेले त्यांनी पकडले होते.

"तिला तासभर विश्रांती द्या," ते म्हणाले. "मग उभं राहायचा चपटा काटा तिच्या पायांखाली ठेवा. फक्त तिच्या. मी काट्याबाहेर उभा राहून उचलतो, तुम्ही आकडा वाचा."

बायकोने डोळे मिटले. "लागलाच का छडा!"

"पायांवर भार घेतेस तू?"

"मग काय पोत्यासारखी लटकू?" तिचा आवाज चढला. "तुम्ही मांडीवर बसलात ना, त्याच दिवशी ठरवलं. मला कुणी उचलून न्यायचं नाही. खाटेचा दांडा धरून उठायची, रोज. आधी दोनदा. आता सलग अकरा. तुम्ही गेलात की पाचला सुरू."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर गेला असतात जिमला? घरी बसून माझे पाय वाढायची वाट बघितली असती. शिवाय तिसऱ्यांदा तुमचे गुडघे लटपटतात, हे मला ठाऊक होतं."

"कुणी सांगितलं?"

"मास्तरीणबाई दर शनिवारी फोन करतात मला."

जोडणी तिच्याच हातात असताना दोन्हीकडचं बोलणं तिला ऐकू जात असणार, हे साहेबांना आधीच कळायला हवं होतं.

"सिस्टर," ते म्हणाले, "तुम्ही एकट्याने म्हणाला होतात. ही ताकद माझी एकट्याची नव्हे. तुम्हाला नापास करायचं तर करा."

सिस्टरांनी दोघांकडे पाहिलं. "मला तुम्ही पडायला नको होतात. पडला नाहीत. आणि ज्या पेशंटचे पाय जमिनीला लागतात त्याला यंत्र कशाला हवं?" त्यांनी सही केली. "पण आकडा मलाही बघायचाय."

तासाभराने आकडे घेतले. वाचन एकदा नव्हे, तीनदा. साहेबांनी उचललं, सिस्टरांनी वाकून वाचलं, बायकोने ते वहीत लिहिलं. पहिल्या खेपेला तिच्या पायांवर एकतीस किलो, साहेबांच्या हातांवर तीस. दुसऱ्या खेपेला तिच्यावर चौतीस, साहेबांवर सत्तावीस. तिसऱ्या खेपेला गुडघे लटपटले तेव्हा तिच्यावर चाळीस, साहेबांवर एकवीस.

तीन खेपांचे एकूण एकशे त्र्याऐंशी किलो. त्यातले अठ्ठ्याहत्तर साहेबांनी भरले, एकशे पाच तिने.