धुतलेली पाटी

अल्फा झिबो मुलांना कुराण शिकवायचे, पण नायजरकाठच्या आमच्या मालनव्हील गावात त्यांचं नाव होतं ते पाटीच्या पाण्यासाठी. लाकडी पाटीवर कोळशाच्या शाईनं कुराणातली आयत लिहायची, पाटी धुवायची आणि ते काळं पाणी आजाऱ्याला पाजायचं. आमचा अख्खा कांदाबाजार त्या पाण्यावर जगला. मीही प्यायलोय. गुण आला की नाही ते विचारू नका, फुकट होतं.

अल्फांची आई नायजर नदीत होडी वल्हवायची. पाणघोड्यांकडे वाट मागणारं तिचं देन्दी भाषेतलं गाणं आता एकट्या अल्फांना येत होतं, आणि घशातल्या गाठीनं त्यांचा आवाजच नेला.

साक्षरता वर्गाचा सुले मास्तर मागे लागला. "अल्फा, ते गाणं तुमच्या अरबी अक्षरांत लिहा. फोटो काढतो, तुम्हाला विचारून वर्गातल्या नव्या रोमन अक्षरांत उतरवतो."

"नव्या अक्षरांत पाणघोड्यांना कळेल का रे?" मी म्हटलं.

"तुम्हाला कळलं तरी पुष्कळ झालं, काका."

कागद दिला तर अल्फांनी बाजूला सारला. हात पाटीलाच सरावलेला. त्यांनी दोन्ही बाजू भरल्या. तेवढ्यात मास्तरचा फोन बंद पडला. तो चार्ज करायला बाजारात गेला, मी नमाजाला.

परत आलो तर पाटी भिंतीला टेकून वाळत होती. अल्फांची बायको बिबाता कटोरा घेऊन उशाशी बसलेली. तिला कुठलंच अक्षर येत नव्हतं. त्या घरात पाटीवर लिहिलेलं ते औषध, एवढंच तिला ठाऊक.

"अहो, घ्या. एक थेंब सांडू दिला नाही."

अल्फांनी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मी तोंड उघडलं, तर लहानपणी वर्गात वटारायचे तसे डोळे वटारले माझ्यावर. मग प्यायले. एकेक घोट उतरायला किती वेळ लागला! नंतर त्यांनी खुणेनं बोरू मागितला, पण तो बोटांत ठरेना.

शुक्रवार त्यांना दिसला नाही.

मातीनंतर बिबातानं मास्तरला गाठलं. "कोणती आयत होती हो ती? लागू कशी नाही पडली?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागला.

"वाट मागायची होती, वहिनी," मी म्हणालो.

"मग मिळाली म्हणायची," ती म्हणाली आणि कटोरा घासायला घेतला. काळा डाग काही निघेना.