थांबा लिहायचं राहिलं

शाळेत संगणक एकच होता आणि तो मोठ्या बाईंच्या खोलीत कुलपात असे. तरीही 'कोडिंग'चा तास वेळापत्रकात आला आणि कोणीच पुढे होईना, तेव्हा तो विणकामाच्या बाईंच्या गळ्यात पडला. बाई डगमगल्या नाहीत. दोन सुलट, दोन उलट, ओळ संपेपर्यंत. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? त्यांनी खेळ काढला. एकाने यंत्र व्हायचं, बाकीच्यांनी चिठ्ठीवर हुकूम लिहायचे. यंत्र बहिरं, त्याला फक्त चिठ्ठी कळते. पोरं तासाची चातकासारखी वाट पाहू लागली आणि बाई तर त्यांच्याहून जास्त.

पण गलका मोठ्या बाईंच्या कानावर गेला. त्या गणित शिकवायच्या आणि शिस्तीला देव मानायच्या. "आज बसून बघते," त्या म्हणाल्या. "नुसताच धिंगाणा असेल तर हा तास उद्यापासून गणिताला."

विणकामाच्या बाईंनी लगबगीने खेळ मांडला. त्यात एका आगाऊ पोराने विचारलं, "मोठ्या बाई, तुम्ही होता यंत्र?"

"होते की! मला काय धाड भरलीय?"

काम सोपं होतं, वर्गाचं दार लावायचं. पोरांनी घाईघाईत चिठ्ठी दिली: 'दाराकडे वळा. एक पाऊल पुढे टाका. पाऊल पुन्हा पुन्हा टाका.'

मोठ्या बाई वळल्या, चालल्या, दारापाशी पोचल्या आणि दारातून बाहेर पडल्या.

"अहो, थांबा!" पोरं ओरडली. पण यंत्र बहिरं! नियम म्हणजे नियम. व्हरांडा संपला, शिपाईकाका स्टुलावरून दचकून उठले, त्यांचा नमस्कारही यंत्राने घेतला नाही. पुढे मैदान, त्यापुढे सताड उघडं फाटक आणि रहदारीचा रस्ता. मागून वर्ग आणि सगळ्यांत मागे पदर सावरत विणकामाच्या बाई. झालं, गेला आपला तास, असं त्यांना वाटलं आणि डोळ्यांत पाणीच आलं.

"चिठ्ठी लिहा रे कोणीतरी!"

कागद होता फक्त गोगलगायीकडे. ही पोरगी इतकं सावकाश लिहायची की तिचं होण्याआधी फळा पुसला जायचा, म्हणून हे नाव. ती पायरीवर बसली, लिहिलं, वर परत एकदा वाचून पाहिलं. पोरं नुसती नाचत होती. मग तिने धावत जाऊन फाटकाच्या चार पावलं अलीकडे चिठ्ठी मोठ्या बाईंच्या हातात कोंबली. 'डावीकडे वळा. समोर भिंत येईपर्यंत एकेक पाऊल टाका. भिंत आली की थांबा.'

मोठ्या बाई वळल्या आणि कुंपणाच्या भिंतीला नाक लागायच्या बेताला येऊन थांबल्या. पोरांनी एकच जल्लोष केला. गोगलगाय लाजून चूर.

तेवढ्यात घंटा झाली. मोठ्या बाई हलल्या नाहीत.

"बाई, संपला हो तास," विणकामाच्या बाई चाचरत म्हणाल्या. "आता पुढचा तास कसला?"

"गणिताचा," भिंतीकडे तोंड करूनच बहिऱ्या यंत्राने उत्तर दिलं. "माझाच. तोही तुम्ही घ्या, कोडिंगला. मला इथून वर्गात न्यायची चिठ्ठी अजून कोणी लिहिलेली नाही."