दोन वाट्या

त्याने मशीन बंद केलं, पातं पूर्ण थांबू दिलं आणि झाकण काढून भांड्यात चमचा घातला. चमचा भरून वर उचलला, आडवा धरला, मग हळूच कलता केला. गाजराचा गोळा सुटून खाली पडला, चमच्यावर पातळ थर तेवढा राहिला. तो थर त्याने अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घासून पाहिला.

"दाणा लागतोय," असं म्हणून त्याने झाकण परत बसवलं.

खिडकीजवळ शिवणयंत्रावर बसलेल्या त्याच्या बायकोने मान वर केली. बाजूची पाटी ओढून तिच्यावर खडूने लिहिलं आणि पाटी त्याच्याकडे फिरवली.

"गाजर आहे. बेअरिंग नाही."

"घशात अडकलं की दोन्ही सारखंच," तो म्हणाला. "अजून चाळीस सेकंद."

चौतीस वर्षं तो एका कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर होता. केसाच्या दहाव्या भागावरून वाद घालायचा म्हणून तिथे त्याला सगळे मायक्रोन म्हणत. हा फूड प्रोसेसर त्याच लोकांनी निवृत्तीच्या दिवशी दिलेला. आठ वर्षं तो खोक्यासकट माळ्यावर होता. दोनदा कोबी चिरायला खाली आला आणि धुण्याचा व्याप बघून परत वर गेला. बायको शिवणकाम करायची. कापायचं म्हटलं की तिचा विश्वास हातातल्या पात्यावर.

मग तिची जीभ जड झाली. बोलणं आधी तुटक झालं, मग गेलंच, आणि पाण्याचासुद्धा ठसका लागू लागला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. गिळण्याचे स्नायू एकेक करून कामातून जातील, गेलेले परत येणार नाहीत. हात बराच काळ साथ देतील. वजन चाळीस किलोच्या खाली गेलं तर पोटात नळी बसवावी लागेल, आणि तेही श्वास नीट चालतोय तोवरच. नंतर भूल देता येणार नाही. तिने समोरचा कागद ओढून त्यावर लिहिलं होतं, "नळी नको." बनवायच्या भागाचं ड्रॉइंग हाती यावं तसा तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला आणि घरी आल्यावर माळ्यावरून खोकं उतरवलं.

पहिल्याच दिवशी त्याने उकडलेला बटाटा पात्याखाली घातला. बटाट्याचा डिंक झाला. तो तिच्या टाळूला चिकटला आणि तिचा चेहरा निळा पडेपर्यंत निघाला नाही. त्या रात्री त्याने मशीनबरोबर आलेली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि सकाळपासून पुस्तिकेच्याही पुढे जायला सुरुवात केली. बटाटा चाळणीतूनच. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. तुकडे एकाच मापाचे. साधं पाणी नाही, ज्यात शिजवलं तेच. एकदम फिरवायचं नाही; झटके द्यायचे, कडा खरवडायच्या, परत झटके. पातं तळापासून तीन मिलिमीटर वर फिरतं आणि खालचं तसंच राहतं, हे लक्षात आल्यावर तो पातं घेऊन जुन्या टूलरूममध्ये गेला आणि त्याचा दांडा खालून दीड मिलिमीटर कमी करून आणला. मासा, कोंबडी, भोपळा, मटार, सूपमध्ये भिजवलेला पाव, सगळं त्या भांड्यातून गेलं. पण एकत्र कधीच नाही. प्रत्येक गोष्ट वेगळी, वाटीत आपापल्या जागी.

वाट्या दोन असत. ते तिच्यामुळे झालं. पहिल्या आठवड्यात तिने पाटीवर लिहिलं होतं, "तुम्ही पोळ्या तोडणार आणि मी हे गिळणार? एकटी नाही खाणार." त्याने दुसरी वाटी काढली, तिच्यासमोर बसला आणि तेच खाल्लं. तेव्हापासून घरात दुसरं काही शिजलं नव्हतं. तिला एका जेवणाला सव्वा तास लागे. तोही तिच्याच चालीने खाई: ती एक घास गिळेपर्यंत तो चमचा उचलत नसे. ती थकून थांबली की त्याचाही चमचा खाली. दोघांचीही अर्धी वाटी बहुतेक उरायचीच. पाच महिने हे असं चाललं होतं.

"भाऊजी, त्या मशीनला रविवारची तरी सुट्टी द्या," बायकोची धाकटी बहीण दारातच म्हणाली. तपासणीच्या दिवशी ती गाडी घेऊन येत असे. "जिन्यापर्यंत घरघर येतेय. लोकांना वाटेल, घरातच कारखाना काढलात."

"त्याला काय होतंय? मोटर अजून गरमही होत नाही."

"मशीनचं नाही हो, तुमचं म्हणतेय. गाल बघा की आरशात."

"वय झालं. या वयात गाल बसतात."

धाकटीने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने दातांनी दोरा तोडला, यंत्राखालची पँट काढून झटकली आणि त्याच्याकडे टाकली. त्याने ती आतल्या खोलीत जाऊन चढवली, बाहेर आला आणि पट्टा न लावताच निघाला.

इस्पितळात सिस्टरने बायकोला खुर्चीतून उठवून वजनकाट्यावर उभं केलं. आकडे थोडे हलले आणि स्थिर झाले. एकोणचाळीस पूर्णांक चार.

"काटा चुकतोय," तो म्हणाला.

"काका, गेल्याच आठवड्यात तपासून गेलेत."

"तपासणारे काय तपासतात ते मला सांगू नका. मागच्या महिन्यात एक्केचाळीस होती. रोज काय पोटात जातं ते मी मोजतो, ग्रॅममध्ये." त्याने तिला परत खुर्चीत बसवलं आणि चपला काढल्या. "थांबा. माझं वजन एकाहत्तर आहे. वीस वर्षं एकाहत्तरच आहे. बघा आता."

तो काट्यावर चढला. आकडा अठ्ठावन्नवर थांबला.

"घ्या!" तो सिस्टरकडे वळला. आवाजात चक्क आनंद होता. "तेरा किलोचा फरक! आणि याच्या जिवावर तुम्ही माणसाच्या पोटाला भोक पाडणार?"

सिस्टरने त्याला हलकेच बाजूला घेतलं आणि स्वतः काट्यावर उभी राहिली. "माझं बासष्ट. सकाळी घरच्या काट्यावर केलं होतं." काट्याने बासष्ट पूर्णांक एक दाखवलं.

"मग माझ्या वेळी चुकला. तेरा किलो उतरलो असतो तर पँट घोट्यात आली असती." त्याने कमरेशी बोट घालून दाखवलं. बोट जेमतेम आत गेलं. "अंगाबरोबर बसलीय. पट्टासुद्धा नाही लावलेला."

धाकटी भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचू लागली.

बायको खुर्चीतून उठली. त्याच्या मागे जाऊन तिने त्याचा सदरा वर केला, पँटची कंबर मागच्या बाजूने बाहेर उलटली आणि त्याचा हात धरून तिथे नेला. बोटांना आतल्या शिवणी लागल्या. एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर, चार. आत दुमडलेलं कापड तळहाताएवढं होतं. त्याने बोट पहिल्या शिवणीवरून दुसऱ्या शिवणीवर नेलं, तिथून तिसऱ्या. चौथीचा दोरा अजून खरखरीत होता, आज सकाळचाच.

मग सदरा खाली ओढून त्याने विचारलं, "बोलली का नाहीस?"

शब्द निघून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. तिने मनावर घेतलं नाही. पाटी मांडीवर घेऊन लिहिलं, थोडं पुसलं, परत लिहिलं.

"समोर कुणी तेच खात बसलं की गिळायला बरं पडायचं."

डॉक्टरीणबाई आत आल्या तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसलेली होती. त्यांनी आकडा पाहिला, श्वासाची चाचणी पाहिली आणि खुर्ची पुढे ओढली. "अजून वेळ आहे, पण फार नाही. मागे तुम्ही नको म्हणाला होतात. जबरदस्ती कुणी करणार नाही."

"नकोच आहे तिला," तो म्हणाला. "मला एक महिना द्या. यापेक्षा बारीक चाळण मिळते. मटणाचं पाणी आटवून—"

बायकोने हात पुढे केला. डॉक्टरीणबाईंना आधी कळलं नाही. तिने टेबलावरच्या, नळीच्या संमतीच्या फॉर्मवर बोट ठेवलं.

"अगं, तूच लिहिलं होतंस," तो म्हणाला. "कागद आहे माझ्याकडे."

तिने पेन घेतलं. सही सावकाश, पूर्ण केली, आडनावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत. पेनाला टोपण लावून परत दिलं. त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मंगळवारी भरती व्हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याने विचारलं, "नळीतून आमच्या मशीनमधलं चालेल? मी आणखी बारीक करीन."

"नको. नळी तुंबते. त्याची तयार पावडर मिळते, पाण्यात कालवायची."

त्याने मान हलवली. मग पुन्हा एकदा हलवली.

धाकटी गाडी काढायला गेली. तो दाराकडे निघाला तर बायको उपाहारगृहाकडे वळलेली. तिथल्या पोऱ्याला तिने काचेमागची थाळी बोटाने दाखवली आणि कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसली. थाळी आली: दोन कडक भाजलेले पाव, उकडलेलं अंडं, कच्च्या काकडीच्या जाड चकत्या. तिने ती त्याच्याकडे सरकवली.

"तुझ्यासमोर कसं खाऊ?"

तिने पाटी पिशवीतून काढलीच नाही. थाळी आणखी दोन बोटं पुढे ढकलली.

त्याने पाव उचलला, कडेचा लहानसा तुकडा तोडला आणि तोंडात घातला. पाच महिन्यांनी जबड्याला काम पडलं होतं. कानाखाली कळ आली. पाव कुरकुरला. शेजारच्या टेबलावरही ऐकू गेला असेल. तो थांबला.

तिने कोपर टेबलावर टेकलं, हनुवटी तळहातावर ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्याने परत चावायला सुरुवात केली तेव्हा तिचे ओठ मिटलेलेच होते, पण आत, गालांमागे, काहीतरी त्याच्याबरोबर हलत होतं.