झिरो मशीन

“झिरो मारलाय वहिनी, एकदम साफ,” धाकटे काका म्हणाले आणि मावशी मागच्या दारात नुसती उभी. मी तिच्या मागे, औषधांची पिशवी घेऊन, आत्ताच तिला दवाखान्यातून आणलेलं. भिंतीलगतची लॅव्हेंडरची रांग गायब. म्हणजे रांग होती, पण तपकिरी खुंटांची.

थांबा, आधीचं सांगायला हवं तुम्हाला. मावशीचे यजमान, माझे काका, न्हावी. पुढच्या खोलीत सलून, मागे ही झुडपं, आणि काका त्यांना गिऱ्हाईकच समजायचे. फुलं वाळली रे वाळली की कंगवा-कात्री घेऊन मागे हजर. वाळलेले तुरे आणि त्याखालचा थोडा हिरवा पाला, एवढंच काढायचे, मस्त गोल. एका झुडपाला तर ‘मास्तर’ म्हणायचे, कारण कसंही कापा, भांग वाकडाच. आणि दोन कापांच्या मध्ये कात्री हवेतच वाजवायची, कच कच कच, न्हाव्यांची सवयच ती. मावशीला बजावलेलं, “हिरवं संपलं की हात थांबव. खाली नुसतं लाकूड. त्याला परत काही फुटत नाही.”

गेल्या वर्षी झुडपं कापली आणि काही दिवसांत काका गेले. म्हणजे तो गोल आकार त्यांच्या हातचा शेवटचा. यंदा फुलं येऊन वाळली, झुडपं मधूनच फाकायला लागली, तरी मावशी कोणाला हात लावू देईना. कारण दुपारी सलून बंद असलं की मागून कात्री वाजायची. हसू नका, मी पण ऐकलीये. आम्ही भांडी घासत होतो, मी नळ बंद केला आणि कच कच कच. मावशी इतकंच म्हणाली, “तेच आहेत. तू घास.”

धाकटे काका त्यांचे भाऊ, आता सलून तेच बघतात. ते कायम पुढे दुकानात, झाडांचं त्यांना काय ठाऊक. वहिनी झुरतेय, झुडपं माजलीत, तिला बरं वाटेल, असं वाटलं बिचाऱ्यांना. आणि डोकं शेवटी न्हाव्याचं, जितकं खालून काढाल तितकं दाट येणार.

“महिन्याभरात बघा कशी भरून येतात,” ते म्हणाले.

मावशी खाली बसली. एक खुंट नखानं खरवडला. नुसतं लाकूड, हिरवं पान एकही नाही. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. मास्तरसुद्धा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं माझं मनगट दाबलं.

“बरं झालं भाऊजी,” ती म्हणाली. “माझ्या हातून झालं नसतं.”

काय हसले ते. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा.

त्या दिवसापासून मागे काही वाजत नाही. मावशी नळ बंद करून उभी राहते, तुला येतंय का ऐकू म्हणून विचारते. मी नाही म्हणते, खोटं काय सांगू.

परवा संध्याकाळी गेले तर धाकटे काका रांगेला पाणी घालत होते. रोज घालतात.

“वेळ लागतो का हो वहिनी ह्यांना?”

“लागतो,” मावशी म्हणाली. आणि पाइपाला पीळ पडू नये म्हणून तो दोन्ही हातांनी उचलून धरत ती त्यांच्या मागून चालत राहिली, एका खुंटापासून पुढच्या खुंटापर्यंत.