मधली पट्टी

पांढऱ्यावर मिरचीच्या रंगाची चौकडी.

लूम थांबला तरी त्याचा खडखडाट कानात चालूच राहतो.

मानकोली नाक्यावर कंटेनर वळतो तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आत येतं.

बाळाच्या गोधडीत मेलेल्या माणसाचं कापड घालत नाहीत.

सरूच्या एका चौकोनात हे सगळं शिवलेलं होतं. कुणाला पत्ता नव्हता.

राहनाळच्या त्या आळीत पहिलटकरणीसाठी बायका मिळून गोधडी करतात, घरटी एक चौकोन. खाली जुन्या लुगड्याचा तुकडा. त्यावर कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरकी पट्टी. तिच्या कडेवर दुसरी उलटी ठेवून शिवायची, उलटवायची, नखाने दाबायची. मग तिसरी. असं दोन्ही अंगांनी, चौकोन भरेपर्यंत. मधली पट्टी सगळ्यात आधी बसते आणि बाकीच्या तिला धरून ठेवतात. ती काढायची तर सगळं उसवावं लागतं.

म्हणूनच सरूने ती मधे घातली होती.

यंदाची गोधडी विनिताची. विनिता सरूची सून. होती. सरूचा मुलगा प्रितम लूमवरून परतताना नाक्यावर कंटेनरखाली गेला तेव्हा पोरगी कोवळी होती, माहेरी कुणी उरलं नव्हतं. सरूने दोन वर्षं तिला पोटाशी धरली आणि मग स्वतः पुढे होऊन दापोड्याच्या मनोजशी तिचं लग्न लावलं. गोदूबाई तेव्हा म्हणाली होती, "सून दिलीस, आता भांडीपण देऊन टाक!"

पोटातलं मूल प्रितमचं नव्हतं. सरूला ते पुरतं कळत होतं. पण त्याच्या अंगाला प्रितमच्या चौकडीच्या शर्टाचं काहीतरी लागावं, बोटभर रुंद का होईना, एवढंच तिला हवं होतं.

दुपारी सरूच्या ओट्यावर सगळे चौकोन मांडले. विनिता सातव्या महिन्याचं पोट सांभाळत भिंतीला टेकून बसली.

"सरूचा बघा," गोदूबाई म्हणाली, "एक टाका मुंबईला, एक नाशकाला!"

"तुझा तरी कुठं सरळ हाय? सशाची उडी नुसती."

बायका हसल्या. विनिताही हसली. हसता हसताच तिने सरूचा चौकोन मांडीवर ओढला, आणि तिचा अंगठा मधल्या पट्टीवर थांबला.

सरूने मान खाली घातली. उगाच दोरा ओवत राहिली.

चहा ठेवायला विनिता आत गेली. जाताना चौकोन घेऊन गेली. सरू मागोमाग.

"आई, ही पट्टी नको."

"कुणाला कळतंय, विनू? गोदीच्या डोळ्याला न्हाय दिसली."

"मला दिसली."

"बाळाला काय न्हाय व्हायचं. मी देवाला सांगितलंय."

"बाळाचं न्हाय म्हणत मी." विनिताने पट्टीवर बोट ठेवलं. "बाळाला घेऊन मी कशी झोपू हिच्याखाली? मनोज शेजारी असणार. मी रात्रभर हात कुठं ठेवू?"

चहा उतू गेला. गॅस कुणी बंद केला, दोघींनाही आठवत नाही.

सरूने ब्लेड घेतलं. बाहेरच्या पट्टीपासून सुरुवात केली. हिरवी निघाली, मग फुलाफुलांची, मग गोदूबाईच्या जुन्या पोलक्याची. प्रत्येक पट्टीच्या काठाला टाक्यांची भोकं राहिली. शेवटी लुगड्याच्या तुकड्यावर एकटी चौकडी उरली.

"दे मी काढते," विनिता म्हणाली.

"नको. माझ्या हातानं जाऊ दे."

ती सुटल्यावर सरूने बोटाला गुंडाळली, आणि सोडलीच नाही.

"मधे काय घालू मग?"

विनिताने पिशवीतून एक आकाशी शर्ट काढला. बाही आधीच कापलेली होती. ती हे सोबत घेऊनच आली होती.

"मनोजचा. चालेल?"

"न चालायला काय झालं," सरू म्हणाली, आणि आकाशी पट्टी कोपऱ्यातून कोपऱ्यात लावली. बोटाला गुंडाळलेली चौकडी आड येत होती, तरी टाके या वेळी सरळ पडले.

बाहेरून गोदूबाई ओरडली, "चहा करताय का मळा शिंपताय?"

ते चौकडीचं कापड प्रितमच्या शर्टासाठी विनितानेच पसंत केलं होतं, भिवंडीच्या बाजारात, त्यांच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी.