बसून खाण्याची मुभा

नांदूरघाटच्या वरच्या अंगाला डोंगराची एक उतरण आहे. तिला शेळकी म्हणत, कारण शेळ्यांखेरीज तिथं कुणाचं पाऊल ठरत नसे. ती सगळी सीताफळांची. झाडं कुणी मुद्दाम लावलेली नव्हती. निजामाच्या राज्यात एका वर्षी उतरणीच्या कडेनं चुना फासलेले दगड रोवले गेले आणि चावडीपुढं दवंडी झाली, की आजपासून हे रान सरकारी. लाकूड तोडायचं नाही, शेळी घालायची नाही, आणि फळांचा गुत्ता, म्हणजे मक्ता, लिलावानं जाईल. शेवटचं वाक्य दवंडीवाल्यानं कागदावर होतं तसंच उर्दूत ओरडून सांगितलं. त्याचं मराठी त्याला ऐन वेळी सुचलं नसावं.

"मौके पर खाना माफ, ले जाना मना."

म्हणजे रानात बसून हवं तेवढं खा, पण दगडांच्या बाहेर एक फळही न्यायचं नाही.

लोक हसले. त्या हसण्याचं कारण परक्याला चटकन कळणार नाही, आणि मला ते नीट सांगता येईल याचीही खात्री नाही. सीताफळ झाडावर असतं तेव्हा कठीण असतं. त्याचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या भेगा पांढुरक्या दिसू लागल्या, की ते तोडायचं, घरी न्यायचं आणि वाळल्या गवतात अढी घालून दोन-तीन दिवस वाट पाहायची. झाडावरच पिकू दिलं तर पोपट आणि मुंग्या आपल्या आधी जेवून जातात. रामहरी पाटील तेव्हा म्हणाले होते म्हणे, की सरकारनं जेवायला बोलावलं आणि चुलीला कुलूप घातलं.

पण सरकारचं अगदीच चुकलं, असंही मला म्हणवत नाही. त्याआधीची दोन वर्षं कोरडी गेली होती. बांधावरची बोरं-सीताफळं लोकांनी सरपणाला तोडली होती आणि शेळकीही अर्धी बोडकी झाली होती. दगड रोवले नसते तर उरलेलं रानही राहिलं नसतं.

या रानावर चौकीदार म्हणून नेमला गेला तो खालच्या वाडीतला धुळाजी. त्याच्या आधीचा चौकीदार गुत्तेदाराकडून फळांची एक पाटी घेताना सापडला आणि त्याचा पट्टा काढून घेतला गेला होता. पट्टा म्हणजे खांद्यावरून घ्यायचा चामड्याचा, त्यावर पितळी बिल्ला. धुळाजी तो चिंचेनं घासून लखलखीत ठेवी, पण त्याचा त्याला जितका अभिमान होता त्याहून जास्त धाक होता. पट्टा नव्हता तेव्हा दरवर्षी दसरा झाला की तो बार्शीला सरकी काढायच्या कारखान्यात कामाला जाई, आणि होळीलाच परत येई. आता तो घरी होता. घरात त्याची बायको मुक्ता होती आणि सारजाबाई.

सारजाबाई त्याची मावशी. प्लेगात त्याची आई गेली तेव्हा ती त्याला कडेवर घेऊन वाडीत आली आणि तिथंच राहिली. जन्मभर तिनं शेळकीवर शेळ्या राखल्या. रानाला दगड रोवले गेले तेव्हा शेळ्या विकाव्या लागल्या. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. फक्त सकाळी उठल्यावर हात आपोआप कोपऱ्यातल्या काठीकडं जाई आणि मग ती काठी पुन्हा होती तशी टेकवून ठेवी.

त्या भादव्यात तिला ताप आला. ताप उतरला, पण अन्न तुटलं ते तुटलंच. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी तोंड फिरवी. पाय तर धरेनातच. मुक्तानं खूप विचारलं, तेव्हा एकदा म्हणाली, "शेळकीवरचं सीताफळ आसतं तर खाल्लं आसतं."

तोंडातून गेलं आणि तिनं लगेच जीभ चावली. पण धुळाजीनं ऐकलं होतं.

नांदूरघाटच्या बाजारात सीताफळ मिळत नव्हतं. डोंगरातली माणसं कधी सीताफळ विकत घेतात का? राधाकिशन गुत्तेदाराच्या गाड्या फळं भरून सरळ बार्शीला जात. त्याच्याकडं मागावं तर चौकीदारानं गुत्तेदाराकडून फळ घेणं म्हणजे लाच, आणि त्यानंच तर आधीच्याचा पट्टा गेला होता. मुक्ता म्हणाली, रुमालात बांधून एखादं आणलं तर कोण बघतंय. त्यावर बोलली ती सारजाबाई, भिंतीकडं तोंड करून.

"माझ्या तोंडासाठी त्याचा पट्टा काढतीस व्हय? मग हा परत बार्शीला जाईल. मी मरन, आन् ह्याला सांगावा जाईस्तोवर माझी राख बी राहायची न्हाई. मला सीताफळ नको. मला हा हितं पाहिजे."

धुळाजी उठून बाहेर गेला. ओट्यावर बराच वेळ बिल्ला घासत बसला. मग आत येऊन म्हणाला, "मावशे, फळ हितं आनता येत न्हाई. पर तुला तिथं नेता येतं."

"मला?"

"मानूस आत न्यायला कुठं मना हाय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला पाठीवर घेतलं, जुन्या लुगड्यानं स्वतःशी बांधलं आणि चढण चढला. ती इतकी हलकी झाली होती की मधे एकदा त्यानं हात मागं नेऊन ती आहे ना हे चाचपून पाहिलं. तिच्या ते ध्यानात आलं. म्हणाली, "हाय रे. सांडले न्हाई अजून."

दोघं रानात आले. बऱ्याच दिवसांनी माहेरी आलेली बाई जशी आधी सगळ्या घरावरून नजर फिरवते, तसं तिनं झाडांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, मला खांद्यावर घे. आणि धुळाजीच्या खांद्यावर बसून, एका हातानं त्याचं मुंडासं धरून, दुसऱ्या हातानं तिनं फळं चाचपायला सुरुवात केली. ज्यांचे डोळे उघडले होते तेवढीच तोडली. चौकीची गवती खोप दगडांच्या आतच होती. तिच्यामागं एका खडकाच्या कपारीत तिनं त्याच्याकडून वाळलं गवत पसरून घेतलं, फळं देठ खाली करून मांडली, वर पुन्हा गवत घातलं. पिकायला वेळ होता. दोघं हात हलवत खाली आले.

इथं गोष्ट सरळ संपायला हवी होती. पण राधाकिशनच्या तोडणाऱ्या बायकांना ती अढी दिसली, आणि राधाकिशननं ती आपल्या डोळ्यांनी पाहिली. तो वाईट माणूस नव्हता. पण गुत्ता त्यानं बोली वाढवून घेतला होता, आणि चौकीच्या मागंच फळं दडवलेली पाहून त्याला वाटायचं तेच वाटलं. शिवाय जंगलाचा दरोगा त्या दिवसांत फेरीवर होता आणि जवळच मुक्कामाला होता. राधाकिशन जाऊन सांगून आला, की चौकीदारानं रानात दुकान मांडलंय.

दरोगा दस्तगीरसाहेब हैदराबादकडचे. उंच, थकलेले, पोटाचा विकार असल्यासारखे सारखे तोंड आवळून बोलणारे. तिसऱ्या दिवशी सकाळीच ते तट्टावरून वर आले. अढीचं गवत राधाकिशननं काठीनं बाजूला केलं. फळं मऊ पडली होती. वास सुटला होता.

तेवढ्यात खालून धुळाजी आला, पाठीवर सारजाबाई. समोर तट्टू आणि साहेब पाहून त्याचे पाय जागीच थांबले. राधाकिशन म्हणाला, "घ्या. चौकीदारानं आज गिऱ्हाईक बी पाठीवर आनलं."

"ये ढेर किसका है?" दरोग्यांनी विचारलं.

धुळाजीनं आधी सारजाबाईला खडकाला टेकवून बसवलं. मग पट्टा खांद्यावरून काढून दोन्ही हातांवर धरला आणि म्हणाला, की ढीग माझा, हुकूम मी मोडला असेल तर पट्टा घ्या, पण म्हातारीला आज एक फळ खाऊ द्या.

"खोटं बोलतंय," सारजाबाई म्हणाली. "फळं मी तोडली."

राधाकिशन हसला. जिला उभं राहता येत नाही तिनं झाडाची फळं कशी तोडली, असं त्यानं विचारलं.

"ह्याच्या खांद्यावर बसून. तुला बसवलं आसतं कुनी, तर तू बी तोडली आसती."

दरोग्यांनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्यांना मराठी समजत असे, पण समजायला थोडा वेळ लागे. मग त्यांनी विचारलं, की तोडलीस तर खाल्ली का नाहीस, ढीग करून का ठेवलास. हुकूम खाण्याचा आहे, साठवण्याचा नाही. साहेबांचा जन्म शहरात गेला होता. सीताफळ त्यांनी ताटात आलेलंच पाहिलेलं असावं. सारजाबाईनं जवळच्या झाडाकडं बोट दाखवलं. धुळाजीनं एक फळ तोडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दाबून पाहिलं, नखानं टोकरलं, आणि राधाकिशनकडं पाहिलं. राधाकिशननं, जरा नाइलाजानंच, मान हलवली. तसंच असतं, साहेब, म्हणाला. अढीशिवाय पिकत नाही.

"बसा, साहेब," सारजाबाई म्हणाली. "हे बसूनच खायाचं हाय, तुमचाच हुकूम हाय."

का कोण जाणे, ते बसले. तिनं अढीतलं एक फळ दोन्ही हातांनी उकललं, अर्धं त्यांना दिलं आणि अर्धं स्वतःच्या तोंडाला लावलं. किती तरी दिवसांनी ती काही खात होती. डोळे मिटून, सावकाश, दात नसलेल्या हिरड्यांनी बी न् बी सोलत. धुळाजी तिच्या तोंडाकडं बघत उभा होता, पट्टा अजून हातांवरच. दरोग्यांनीही खाल्लं. बिया मात्र त्यांनी मुठीत जमवल्या आणि त्यांचं काय करावं हे न कळून इकडंतिकडं पाहू लागले.

"थुका की," ती म्हणाली. "माझ्या जन्मभर थुकलेल्या बियांचंच हाय हे रान."

धुळाजी नंतर सांगे, की साहेबांनी मूठ उघडली नाही. बिया तशाच धरून ते बराच वेळ समोरच्या उतरणीकडं पाहत राहिले. मग तोंड पुसलं आणि निकाल दिला. तो वाडीत पुढं पुष्कळ वर्षं सांगितला जाई.

"खानेवाला बैठा है, तो ये खाना है. खानेवाला नहीं, तो माल है. माल जप्त होता है."

"काय म्हनले?" सारजाबाईनं विचारलं.

धुळाजीनं समजावलं, की तू इथं आहेस तोवर ही अढी म्हणजे तुझं जेवण. तू उठून गेलीस की ती चोरीचा माल.

"मग मी उठतच न्हाई," ती म्हणाली.

साहेबांनी तट्टाचा लगाम धरला. जाताना धुळाजीजवळ थांबले आणि पट्टा त्याच्या हातांवरून उचलून त्याच्या खांद्यावर घातला. मुठीतल्या बिया वाटेवर टाकल्या की नेल्या, ते कुणी पाहिलं नाही.

सारजाबाई खरोखरच उठली नाही. दिवाळी होईपर्यंत ती चौकीच्या खोपीत राहिली. मुक्ता सकाळ-संध्याकाळ वर येई. आधी नुसतं फळ, मग फळाबरोबर दुधाचा घोट, मग भाकरीचा कुस्कराही पोटात जाऊ लागला. राधाकिशन येता-जाता म्हणे, की म्हातारी माझ्या गुत्त्यात भागीदार झाली. पण बार्शीपर्यंत टिकणार नाहीत अशी फुटकी फळं तो गाडीत न भरता खोपीशी आणून ठेवू लागला, आणि तिच्यापाशी बसून बार्शीच्या अडत्यांना नावं ठेवू लागला. ती ऐकून घेई. एकदा म्हणाली, "तू बी खा की रे. सारखं विकतोस कशापायी?" राधाकिशननं त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या गुत्त्यातलं फळ खाल्लं, असं तोच सांगायचा.

ती पूर्ण बरी झाली, असं मी लिहिणार नाही. पाय धरले नाहीतच. पण डोळ्यांत तेज आलं, आवाज आला, आणि धुळाजीला ती पुन्हा पहिल्यासारखं रागवू लागली.

फळं संपली. रान उघडं पडलं, वारा गार झाला. शेवटचं सीताफळ अढीच्या तळाशी होतं, लहान, एका बाजूनं काळं पडलेलं. तिनं ते खाल्लं. मग धुळाजीनं तिला लुगड्यानं पाठीशी बांधलं आणि उतरू लागला. आता ती जरा जड लागत होती. त्याला मागं हात नेऊन बघावं लागलं नाही.

चुन्याच्या दगडांपाशी आल्यावर तिनं त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"थांब."

तो थांबला. तिनं तोंड वळवलं आणि गालात राहिलेली एक बी मागं, दगडांच्या आत, थुंकली. जितकी लांब जाईल तितकी.

"ऱ्हायलीती," म्हणाली. "आता झडती घे."

"मावशे, आता काय..."

"तू चौकीदार हायस का न्हाईस? घे म्हनते ना."

धुळाजीनं तिला दगडावर टेकवलं, तिच्यासमोर वाकला. तिनं आ केला. तो नीट पाहू लागला, पण त्याला दिसेना. त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. हिरड्या, जीभ, आणि सीताफळाचा वास.

"काय न्हाई," तो म्हणाला.

"मग चल घरी," सारजाबाई म्हणाली, आणि पुन्हा पाठीवर यायला दोन्ही हात वर केले.