समितीसाठी उपसलेली विहीर

विधिमंडळाची समिती घेऊन गौतमी वस्तीवर उतरली आणि पुढे होऊन विहिरीत डोकावली. पाणी तळापर्यंत नितळ होतं.

निमोण्यापलीकडच्या या वस्तीला प्यायच्या पाण्याची ही एकच विहीर. वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना आला आणि तिचं पाणी काढ्यासारखं तांबडं झालं. त्यात डाळ शिजेना, अंगावर घेतलं की खाज सुटायची. तालुक्याने हात वर केले, जिल्ह्याने कानावर ठेवले. मग अंगणवाडी चालवणाऱ्या गौतमीने मुंबई गाठली. आमदारांच्या दारात तिने किती खेटे घातले ते तिच्या चपलांनाच ठाऊक. शेवटी एका आमदारबाईंनी सभागृहात प्रश्न विचारला, आणि कारखान्याचं सांडपाणी बंद करायचं की नाही हे ठरवायला समिती नेमली गेली. समितीने नुसतं पाणी बघायचं होतं. डोळे असलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरजच नव्हती.

समितीला रस्ता दाखवायला गौतमी आदल्या दिवशी सकाळीच पुण्याला गेली. जाताना "उद्या समिती येतीय" एवढं सांगून गेली, आणि तिथेच सगळं फिसकटलं. गावाला समिती ठाऊक होती ती एकच, ग्रामस्वच्छतेच्या स्पर्धेची. समिती येणार म्हटलं की झाडायचं, सारवायचं, चुना मारायचा. गेल्या साली त्यावर बक्षीसही मिळालं होतं. शहाण्या गावाला सवय लागली की ती अशी लागते!

विहिरीच्या कठड्याला चुना होता, भोवती रांगोळी होती. एरवी मतांपुरते वस्तीवर येणारे सरपंच बबनराव आज हार घेऊन सगळ्यांत पुढे होते.

"आबा, हे काय केलंत?" गौतमीने सासऱ्याला, कोंडिबाला, बाजूला ओढून विचारलं.

"मोटार लावून उपसली. गाळ काढला. बबनरावांनी डाळिंबाच्या बागंचं टँकर आणून वतलं," कोंडिबा खुशीत म्हणाला. "तू मुंबईची माणसं आणायचीस आन् आम्ही त्यान्ला घाण दावायची व्हय? तुझी मान खाली गेली असती, पोरी. सायेब खूश झालं म्हंजी कारखान्याचं बी बघत्याल."

गौतमीने रागवायचं तरी कुणावर? सगळ्यांचे हात चुन्याने उकलले होते, आणि ते तिच्यासाठी.

तेवढ्यात समितीच्या अध्यक्षांनी पेलाभर पाणी मागवलं आणि उभ्या उभ्या संपवलं. "वा! असं पाणी आमच्या मुंबईतसुद्धा मिळत नाही. काय हो मंडळी, नेहमी असंच असतं का?"

हा प्रश्न स्पर्धेच्या समितीचा ठरलेला प्रश्न. आजच्यापुरतं झाडलंय म्हटलं की गुण गेलेच. म्हणून उत्तर लहानथोरांकडून घोकून घेतलेलं होतं. सगळी वस्ती एका सुरात म्हणाली, "रोज असंच अस्तं, सायेब!"

गौतमी पुढे होऊन ओरडली, "साहेब, हे टँकरचं पाणी आहे! कालच विहीर उपसलीय!"

अध्यक्ष तिच्याकडे वळले. आवाज चढला नव्हता, पण हसू गेलं होतं. "बाई, म्हणजे अख्खी वस्ती खोटं बोलतेय आणि तुम्ही एकट्या खऱ्या?"

तिने वस्तीकडे बघितलं. बबनरावांच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला असावा. त्यांचा चेहरा उतरला होता, पण समितीपुढे बोललेला शब्द मागे घ्यायची त्यांची छाती होईना. कोंडिबा गोंधळून सुनेकडे बघत होता. हो म्हणावं तर गौतमी आपल्याच माणसांना चारचौघांत खोटं पाडणार होती. तरी ती म्हणाली, "हो साहेब. सगळे खोटं बोलतायत."

"बरं," अध्यक्ष म्हणाले. बरोबरच्या अधिकाऱ्याने विहिरीतलं पाणी कॅनमध्ये भरलं, झाकणावर लाखेचं सील मारलं. गाड्या धूळ उडवत निघून गेल्या.

गौतमी कठड्यावर बसली. ओल्या चुन्याने लुगडं भरलं तरी तिला कळलं नाही. सासू चांगुणा जवळ आली, पाठीवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "येवढं का मनाला लावून घ्येतीस? आम्ही तर सगळं बराबर सांगितलं की गं."